जमा

दिवाळीपासून दारातली चौकट नुसतीच लुकलुकते, वाजत नाही.
म्हणून मी तोंडानं विचारते:
खिशात काही आहे का, काका? चाकू, काडेपेटी, तंबाखू?
लोक तंबाखूवर हसतात आणि काढून देतात.

कलशेट्टी हसले नाहीत.
सफारी शर्टावर पंजा ठेवून, पोटात कळ आल्यासारखे,
हळू म्हणाले, रिव्हॉल्व्हर आहे.
मागची रांग दोन पावलं सरकली.

लायसन दाखवलं. ते प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात.
फोटोतला माणूस काळ्या मिशांचा,
सूत व्यापाऱ्याची रोकड घेऊन रात्री अक्कलकोट रोडनं
एकटा स्कूटरवर जाणारा.
समोरचा बहात्तरचा, एका कानानं ऐकणारा.

लपवून आणलंत?
लपवलं नाही बाई, झाकलंय.
उघडं धरून सात रस्त्यावरनं आलो असतो
तर तुम्हीच धरलं असतं की.

माझ्या डोक्यावर बोर्ड आहे, लाल अक्षरांत:
शस्त्रासह प्रवेशास सक्त मनाई.
त्यांच्या हातातला कागदही याच कचेरीचा, जावक क्रमांकासह:
शस्त्र तपासणीसाठी समक्ष घेऊन हजर राहावे.
दोन्हीखाली तीच गोल सही,
एकदा रंगात, एकदा शाईत.

मी गृह शाखेला फोन लावला.
शाखा म्हणाली, शस्त्राशिवाय पाठवू नका.
हवालदार चिलवेरींना विचारलं.
म्हणाले, शस्त्रासह सोडू नकोस.
मग तुम्ही ठेवा.
दुसऱ्याच्या नावाचं हत्यार मी हातात धरलं
तर मलाच धरतील की.
मग ठाण्यात जमा करून पावती आणू द्या?
कलशेट्टी चांगला कान पुढे करून:
ठाणं काय खासगी असतंय?

खरं तर तिथं हसायला हवं होतं.
पण ऊन चव्वेचाळीसवर होतं आणि रांग वाढत होती.
त्यांना लिंबाखाली बसवलं.
डिकीत ठेवावं तर स्कूटर विकलेली,
झाडाखाली ठेवावं तर झाड सरकारी.
ते नुसते बसून राहिले, पोटावर हात,
पाणी दिलं तर डाव्या हातानं प्यायले.

कधी उडवलं का हो?
गड्ड्याला फुगे फोडले, तेही छऱ्याच्या बंदुकीनं. पाच चुकले.
आता अजून किती वर्षं वाढवून घेणार?
वाढवून कशाला. परत द्यायला आलोय.
सून म्हणते, नातवाचा हात आता कपाटावर पुरतो.

हे मी फोनवर सांगितलं.
पलीकडं पंख्याचा आवाज बराच वेळ ऐकू आला.

जेवणाच्या सुट्टीनंतर कारकून गड्डम स्वतः खाली आला,
बोटांना शेंगाचटणी, कपाळावर चष्मा.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं,
कचेरी पायऱ्या उतरून माणसाकडं येताना.
त्यानं नळीवरचा नंबर वाचला, मी वहीत लिहिला,
सहा गोळ्या मोजल्या, एकीवर हिरवट गंज.
मग म्हणाला, तपासणी झाली.
परत करायचा अर्ज वेगळा, त्याची खिडकी वेगळी,
ती सोमवारी. तोवर जपून घरी न्या.

कलशेट्टींनी शर्ट खाली ओढला
आणि फाटकाबाहेर गेले, जसे आले होते तसे,
झाकून.

पाच वाजता राजम्मा येलदी आली, पेन्शनचं काम न होता.
सकाळी तिची विडीची पानं कापायची कात्री
मी काढून घेतली होती, एका वाक्यात.
ना फोन, ना हवालदार.
त्यांचं दुपारभर विचारत बसलात, ती म्हणाली,
माझं कुणाला विचारलंत?

मी ड्रॉवर उघडला.
तीन कात्र्या, तिन्हींच्या मुठींना चिंधी गुंडाळलेली.
तुझी कुठली, मला सांगता येईना.
तिनं न बघता एकेकीत बोटं घालून पाहिली.
दुसरी निघाली.