उजवा हात, पाच मिनिटं

औलू, जानेवारी. नऊ वाजलेत, बाहेर आत्ता कुठे झुंजूमुंजू.
ताउनो हिल्तुला, वय अठ्ठावन्न,
बाही वर सारून उताणा हात उशीवर ठेवतो
जसा कुणाला उसना द्यावा.

गार लागेल, मी म्हणते, जेल लावताना.
तो हसतो : गार म्हणजे काय, मला सांगताय?
पडद्यावर त्याची धमनी,
दोन पांढऱ्या रेघा, मधे वाहता काळोख.
चार पूर्णांक एक मिलिमीटर.

कोपराखाली पट्टा आवळायचा. पाच मिनिटं रक्त अडवायचं,
मग एकदम सोडायचं
आणि बघायचं, लोंढा आल्यावर धमनी वाट देते का,
पाहुणे आले की घरातल्यांनी सरकून बसावं तशी.
देते. चार पूर्णांक चार.
आतलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं,
तेच भिंतीला सांगत असतं, सैल हो, अगं सैल हो.

मग ताण द्यायचा. नियमच तसा.
एक हजार बावीसमधून तेरा वजा करत जा, मोठ्यानं.
मी मधेच : चूक. पुन्हा. लवकर.
(कपाळाला आठी घालून म्हणावे, असं छापलंय कागदावर.)
तो जिना उतरावा तसा उतरत गेला,
एक हजार नऊ, नऊशे शहाण्णव, नऊशे त्र्याऐंशी...
एकतीस वर्षं कागदाची रिळं मोजलेला माणूस.
पट्टा. पाच मिनिटं. चार पूर्णांक चार.
मी जरा हिरमुसलेच.

पुढच्या फेरीला वेळ होता. बोलायचं म्हणून विचारलं,
सध्या हाताला काय काम?

कारखाना जूनमध्ये बंद झाला, तो छताला म्हणाला.
सहाला जाग येतेच. कुंपणापर्यंत जाऊन उभा राहतो.
ओल्या लगद्याचा वास अजून येतो, किंवा मलाच येतो.
बायकोला सांगितलंय, बर्फावर मासे धरायला जातो.

आवाज साधा. नाडीसुद्धा फारशी वाढली नाही.
पट्टा आवळला.
सोडला.
लोंढा आला, उंबऱ्यात थबकला.
चार पूर्णांक एक.
मी एक मिनिट थांबले. दोन. आत कुणी सरकलं नाही.

वहीत रकाना आहे, ताणाचा प्रकार :
गणित किंवा भाषण. एकावर खूण करावी.
मी पेन तसंच धरून बसले.

जेल पुसून त्यानं बाही खाली ओढली,
बटण लागेना, दोनदा निसटलं.
मग दाराशी वळून विचारलं,
बंदरावरचा मासळीबाजार
आज किती वाजता उघडतो?