कुरूम स्टेशन, तुटकी पिन

इंजिन म्हणे जहाजातून सुटंसुटं आलं,
पेट्यांतून, भुश्यात गाडलेलं,
आणि मुंबईला उतरवून जोडलं.
अंगावर पितळ नाही, रंगाची रेघ नाही, नुसतं काळं.
नळ्या सगळ्या बाहेर,
घाईत नेसलेल्या लुगड्यासारख्या.
लोक म्हणाले, मिरिकन आलं.
मालासाठी आणलेलं,
लढाईच्या ओढाताणीत पॅसेंजरला जुंपलं.

बाबांचं नाव उकर्डा.
आधीची तीन भावंडं गेली म्हणून ठेवलेलं,
मरणानं ढुंकूनही पाहू नये असं.
रेल्वेच्या वहीत ते दरवेळी चुकायचं.
मग पितळी बिल्ला मिळाला, चारशे सतरा,
आणि चुकायचं थांबलं.

त्याआधी ते भात्यावर बसत.
बैलाच्या एका पायाला दोन पत्र्या,
चार पायांना आठ,
आणि आठांतली एकही दुसरीच्या जागी बसत नाही.
बैल आडवा पाडला की खूर हातात घेऊन
ते आधी नुसते पाहत राहायचे.
माप घेताना मी त्यांना पाहिलं नाही.

चैत्रातल्या एका रात्री पॅसेंजर थांबली
ती थांबलीच.
ब्रेकची पिन, मनगटाएवढी, मधोमध तुटलेली.
डब्यांत फौजी, कापसाचे दलाल,
एक वरात,
आणि कट्यार मांडीवर घेऊन झोपलेला नवरदेव.
बाबांनी गावातून भाता आणवला.
कोळसा इंजिनाचाच.
मी शिदोरी घेऊन पोचले तेव्हा
लोखंड लाल होतं
आणि कानस त्यांच्या मांडीवर.

ड्रायव्हर बमनजी म्हणाला,
मिस्त्री, राहू दे. भुसावळला तार केली आहे.

पहाटेच्या मालगाडीनं पिन आली,
दुसऱ्याच कुठल्या मिरिकनच्या पोटातून काढलेली.
गेली.
कानस लागली नाही, हातोडा लागला नाही,
बिळात साप जातो तशी गेली.
फौजींनी टाळ्या वाजवल्या.
बाबा कोणाकडे न बघता म्हणाले,
"याचं त्याले लागते, त्याचं याले.
मंग हे हाये कोनाचं?"
शिट्टी झाली. नवरदेव जागा झाला.

रुळाशेजारी तुटके तुकडे पडले होते.
त्यांनी डोक्याकडचा उचलला,
धोतराच्या सोग्यानं ग्रीस पुसलं.
टोकावर ठोकलेला नंबर,
आणि नंबराच्या बाजूला छिन्नीची एक वाकडी खूण.
चिमणी असावी.
किंवा पान.
किंवा कोणाचा हात घसरला असेल.
"चिमनीच हाये," बाबा म्हणाले.
"नंबर ठोकून झाल्यावर काढली, भोंगा व्हायच्या आत.
बाई असंन.
मानसं लढाईले गेले असतीन तिकडचे.
रेघ पाह्य नं, बारीक हाये."
मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
भाकर तशीच राहिली.

बिल्ला त्यांनी निवृत्त होताना परत केला.
पिन केली नाही.
माझ्या लग्नात भांड्यांबरोबर ती आली
आणि सासूनं विचारलं, हे काय,
तर म्हणाले, ठेचा कुटायले.

मिरिकन सगळी भंगारात गेली, वजनावर.
परवा पुतण्या निकेश आयटीआयमधून
मापाचा चिमटा घेऊन आला,
घरात दिसेल ते मोजत सुटला,
दाराची कडी, माझ्या बांगड्या, पिन.
"काकू, हे खालून तीन मिलिमीटर कमी भरते.
कुठं गेलं?"

मी चुलीवरून भाकर काढत होते.
खलात मिरची, लसूण, मीठ.
ताटावर पाच माणसं, सहावा तो.
"खाल्लं," मी म्हटलं.

त्यानं पिन उलटी केली,
अंगठा फिरवला.
चिमणी वरच्या टोकाला आहे.
त्या बाजूनं मी कधी कुटत नाही.