एक गोळी, सहा रात्री

कंपूहून परतताना टेम्पोत
शर्वरीच्या मांडीवर पिशवी, पिशवीत दोन पुड्या.
शिवहरे मेडिकलवाल्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.
जगाच्या बातम्या बाहेर, आमची आत.

दुखणं एकच. दोन्ही पर्च्यांवर नावही तेच.
तरी भदौरिया मॅडमनी मला लिहिली एक गोळी,
गुलाबी, दीडशेची, एकदाच घ्यायची,
आणि धाकट्या जावेला सहा रात्रींच्या सहा वड्या,
वरून लावायला मलम.
"पाचवा महिना आहे हिचा. पोटातून नको.
जिथली खाज, तिथंच औषध."

मग गुण जास्त कशाचा, मी विचारलं.
"जवळजवळ सारखाच.
गोळीनं कधी मळमळतं, डोकं धरतं,
वडीनं सुरुवातीला चुरचुरतं.
बाकी ज्याची त्याची सोय."

सोय.
मॅडम, आमच्या दौलतगंजच्या घरात
न्हाणीची कडी तीन वर्षं मोडलेली आहे.

गोळी मी सगळ्यांदेखत घेतली, वरणभातावर.
कसली गं, यांनी विचारलं. डोक्याची, म्हटलं.
एक घोट, एक खोटं, झालं.

शर्वरीला सहा लागणार होती.
रात्री साडेअकराला, बाहेर अजून लू वाहत होती,
मी न्हाणीच्या दाराला पाठ लावून उभी,
हातात बादली, कूलर भरायचाय म्हणून.
आतून कुजबुज: "वहिनी, किती आत?"
मोबाइलच्या उजेडात मी पत्रक वाचत होते,
बारीक अक्षरं, त्याहून बारीक माझा आवाज:
"नळी नको म्हणाल्यात. बोटानंच.
हात धुतलेस ना?"
आणि दोघींना एकदम हसू फुटलं,
दाराच्या दोन्ही बाजूंनी.

तिसऱ्या रात्री सासूबाई उठल्या.
मी, बादली, पत्रक.
त्यांनी चष्मा मागवला.
उभ्या उभ्याच सगळं वाचलं, मागची बाजूसुद्धा,
घडी होती तशी घातली.
"मी बेचाळीस वर्षं तुरटीच्या पाण्यानं..."
पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

सकाळी सुतार आला. कडी नवी, पितळेची.
खर्च कशाला, मामंजी पुटपुटले.
त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

आणि साडेआठला सासूबाई दारात,
चपला घालून, चहासुद्धा न घेता.
"साखर उपाशीपोटीच तपासतात ना?
आणि हे बघ, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे माझी,
ते तू सांग मॅडमना.
बाकीचं..."
पदर खांद्यावर सारखा केला.
"बाकीचं मी सांगेन."