लाल फडकं

खारघरला, प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर
पिपेटच्या टोकाने मी एक सरळ रेघ ओढते
फुप्फुसाच्या कर्कपेशींच्या सलग थरातून.
पेशी कुणा परदेशी माणसाच्या. तो माझ्या जन्माआधीच गेला,
त्या अजून वाढतायत.
चोवीस तास बघायचं, रेघ किती बुजते.

बामाकाकाला हे सांगितलं तेव्हा
शिरवण्याच्या ओटीवर पाय पसरून तो म्हणाला,
"म्हंजे तू पन खानीवरच."

पारसिकच्या डोंगराला काकाने कधी सुरुंग लावला नाही.
त्याचं काम लाल फडकं धरून वाटेत उभं राहायचं.
डंपर, म्हशी, शाळेतून सुटलेली पोरं,
सगळ्यांना थोपवायचं.
हजेरीबुकात त्याच्या हुद्द्याचा रकाना कोराच असायचा.

मायक्रोआरएनए तसाच.
बावीस-एक अक्षरांचा तुकडा, त्यातून कुठलं प्रथिन घडत नाही.
पेशीत निरोप निघतो: वाढ, दुभंग, पुन्हा वाढ.
हा जाऊन निरोपाच्या शेपटाला चिकटतो
आणि निरोप तिथेच विरतो.

तो हरवला की वाढीला कुणी अडवत नाही.
त्याच्याच एका भावकीतले ओसरले
की पेशी शेजारणीचा हात सोडते,
लांबट होते, चालू लागते,
रक्ताच्या वाटेने जाऊन हाडात बिऱ्हाड थाटते.
एक मात्र उलटा. तो माजला
की राखणदारांचीच तोंडं बांधतो.
फडकं तेच, धरलंय भलत्या वाटेवर.

काका बिडीला शिवला नव्हता. बत्तीस वर्षं धूळ प्याला.
मणक्यावरचा पांढरा डाग मी उजेडात धरला,
तर म्हणाला,
"तुजं ते बारकं माज्यात भरता येत नाय का गो?"
अजून नाही, म्हटलं. बशीत जमतं.
"मंग बशीत बसतो मी."
हसता हसता खोकला, बराच वेळ.

आज सकाळी दोन बश्या भिंगाखाली ठेवल्या.
पहिलीत रेघ होती हेही कळू नये.
दुसरीत हरवलेला तुकडा परत टाकला होता,
तिथे रेघ उघडीच,
दोन्ही काठांवर पेशी खोळंबलेल्या.
आकडा तीनदा मोजला, वहीत लिहिला.

चार दिवसांत तो तुकडाही विरून जाईल, हे वहीत नाही.
काकाला विचारलं होतं एकदा, कामात अवघड काय?
म्हणाला, "कायच नाय.
हात भरून येतो गो.
खाली घेता येत नाय."