शेऱ्याचा रकाना

रात्री दोनला निझ्वा सोडलं.
थर्मासात चहा, डिकीत दुर्बीण आणि तिची तिपाई,
वहीत आधीच घालून ठेवलेली तारीख.
हैमाच्या रस्त्यावर धुकं इतकं दाट
की दोनदा उंट आडवे आले
आणि मला दिसले ते नुसते पाय.

मग उजाडता उजाडता, वाळूत मध्येच, हिरवी वर्तुळं.
बोअरच्या पाण्यावर गुरांसाठी लावलेलं गवत.
एक लांबलचक लोखंडी हात, चाकांवर,
दिवसभर शिंपत गोल सरकतो.
त्या ओलीत कझाकस्तानातून आलेली एक टिटवी.
आपली, रान डोक्यावर घेणारी, ती नव्हे.
हिचं इंग्रजी नाव मराठीत आणलं तर होतं
मनमिळाऊ टिटवी.
जगात थोड्याच उरल्यात.
इथे आठवडाभर ही एकटीच.

शफीउल पंप सांभाळतो. नऊ वर्षं झाली.
"एका पाखरासाठी चार तास?"
म्हणाला, आणि गमबुटातलं पाणी ओतून
शेजारी उभा राहिला.

साडेनऊपर्यंत: चंडोल, धोबी, एक भोवत्या,
आणि आपल्याच टिटव्या, वीसेक,
मला बघून शिव्या देणाऱ्या.

बघतोस का, म्हटलं.
त्याने डोळा लावला आणि दुर्बीण फिरवली भलतीकडेच,
पार पलीकडे, पत्र्याच्या खोल्यांवर.
"माझी लुंगी पडली दोरीवरून," हसत म्हणाला.
आणि जरा वेळाने,
"खोली अशी कधी पाहिली नव्हती. लांबून."

मग वळला गवताकडे.
पाण्याचा हात जवळ येत गेला, चष्म्यावर तुषार,
मी काच पुसत होतो तेव्हा तो बोलला,
"पांढऱ्या भुवया. डोक्यावर काळी टोपी.
आमच्या गावच्या मास्तरांसारखी चालते,
चार पावलं, की थांबून विचार."
मी डोळा लावला.
गवत होतं.
बराच वेळ गवतच होतं.

नियम साधा आहे, स्वतः पाहिलं तेवढंच लिहायचं.
गाडीत बसून पेनचं टोपण
किती वेळा काढलं, लावलं.
थर्मासात तळाशी उरलेला चहा
त्याला दिला होता, त्याचा कप तसाच बॉनेटवर.

शेवटी लिहिलं. पक्षी: एक.
पाहणारा: शफीउल हक, पंप नंबर सात.
शेऱ्याच्या रकान्यात माझं नाव,
आणि पुढे,
सोबत होतो.