एका वेळी चार

वादी कबीरला डोंगर इमारतींच्या पाठीला टेकून बसलेत,
बोडके, करपलेले, दुपारी हात लावू देत नाहीत.
टॉवरची रेंज त्यांच्या खांद्यापर्यंत येते
आणि तिथूनच वळते,
चप्पल न काढता दारातच
"बसत नाही, घाई आहे" म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी.

डोंगरावर नवा टॉवर म्हणजे रस्ता आला, परवानगी आली,
डिझेल, पहारेकरी, दरमहा भाडं.
मस्कतच्या ऑफिसात कुणीतरी हिशेब मांडला.
हिशेबातून निघाली ही पांढरी डबी,
जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी,
आणि ती भिंतीभिंतीला ठोकत फिरणारा मी.

दुसरा मजला, खोली बारा.
दार इसहाक परकारांनी उघडलं.
"दापोलीचे का?"
"हर्णै," ते म्हणाले. "दापोली बाजाराला."

आठ खाटा, एकीवर एक.
आठ चार्जर, आठ टॉवेल, खिडकी एकच.
खिडकीशेजारी भिंतीवर, कपाळाच्या उंचीला
एक तेलकट गोल डाग.
तिथे डोकं टेकलं की दोन काड्या येतात म्हणे.
अकरा वर्षं आळीपाळीने टेकलेली डोकी,
रंगाऱ्याने दोनदा पुसला, पुन्हा उमटला.

मी समजावलं :
हा तुमच्या घरातला छोटा टॉवर.
तुमच्या इंटरनेटच्या वायरीवरून बोलणं जाईल,
मिनिटाला दर कमी पडेल.
"वीज?"
तुमची.
"इंटरनेट?"
तुमचंच.
परकारचाचांनी पेपरच्या कडेला बैसे मांडले,
आठाने गुणले, विजेचे वजा केले,
चष्म्यावरून बघत म्हणाले,
"म्हणजे होडी आमची, जाळं आमचं,
आणि म्हावऱ्याचा भाव मात्र ते ठरवणार."
मग स्वतःच हसले. "लाव. तरी स्वस्त पडतंय."

भोक पाडलं. धूळ दिलबहादूरच्या उशीवर पडली,
त्याने ती झटकली, बोलला काही नाही.
नियम मला शेवटी सांगायचा असतो,
सही झाल्यावर :
एका वेळी फक्त चार जण.

खोलीत आठ माणसं होती.
ती एकमेकांकडे बघायची थांबली.

कुणी आवाज चढवला नाही, हे मला अजून आठवतं.
शाहजहानने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं,
मागच्या कोऱ्या बाजूला रेघा ओढल्या.
शुक्रवारी रात्री कोण, कोण पहाटे.
कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाच्या बापाचं डायलिसिस,
भांडलेली बायको कुणाची, कुणाला कुणीच नाही,
त्याने आपली वेळ खाली सरकवली.
दिलबहादूरचं नाव सगळ्यांत वर,
पुढे कंसात बंगालीत काहीतरी.
मी विचारलं. "बाळ होईपर्यंत."

दिवा आधी लाल, मग नारिंगी.
हिरवा झाला तेव्हा पाचही काड्या भरल्या,
खाटेवर, मोरीत, दारामागे, सगळीकडे.
पहिला फोन वयाने मोठ्याचा.
परकारचाचा खोलीच्या मधोमध बसून बोलू लागले.
पलीकडून आवाज इतका स्वच्छ
की तो मलाही ऐकू आला :
"आज खिडकीत नाही का तुम्ही? शेजारच्या खोलीतून बोलताय असं वाटतंय."
"हां," म्हणाले. "बरं आहे. सगळं बरं आहे."
पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचेना.
सात जण आपापल्या मोबाइलकडे बघत
ऐकू येत नसल्यासारखे बसले होते.

मग ते उठले, गुडघ्यावर हात देऊन,
गेले खिडकीशी, पाठ आमच्याकडे,
आणि कपाळ त्या डागावर नेमकं टेकवलं.
आवाज एकदम खाली गेला.
खांदे थोडे हलले. मी हत्यारं गोळा करू लागलो,
गरज नसलेला स्क्रूही पुन्हा पिळला.

कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना असतो,
पहिला कॉल घराच्या कुठल्या भागात झाला.
मी लिहिलं, "खोलीच्या मध्यभागी."
जिन्यात थांबून ते खोडलं.