वखारीतली तालीम

निपाणीत हॉल मिळाला नाही म्हणून
आम्ही तालमी केल्या तंबाखूच्या वखारीत.
पहिल्या दिवशी मी खडूनं रंगमंच आखला :
इथं दार, इथं खिडकी, इथं बापाची खाट.
दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर
दारात बोदांची थप्पी, छतापर्यंत.
हमालांना विचारलं. ते म्हणाले, दार कुठाय?
दार मी डावीकडं नेलं.
नाटकाला काही फरक पडला नाही.
रात्रभर जागा मात्र मी होतो.

मग शिंका.
ऐन मरणाच्या प्रसंगात खाटेवरचं प्रेत शिंकायचं.
काशव्वा तेवढी शिंकत नसे,
दिवसभर हजार विड्या वळून आलेली.
वाक्य अर्ध्यात ठेवून ती थांबायची,
दूध वर येईपर्यंत आपण पातेल्याकडं बघतो
तशी त्याच्याकडं बघायची.
मी ओरडायचो, गॅप पडतोय, गॅप!
"कशाला ओरडूलालाय सर?
माणूस मोकळा होऊ दे की."

प्रॉम्प्टर भूपाल मगदूम.
त्याची वही मी उघडली प्रयोगाच्या आदल्या रात्री.
माझी सगळी मराठी वाक्यं कन्नड अक्षरांत,
गोल, टपोरी, शाळूच्या दाण्यांसारखी.
माझंच नाटक, आणि मला एक ओळ वाचता येईना.
समासात जागोजागी बारकी फुली.
हे काय रे?
"शिंका, सर.
तिथं काशव्वा थांबत्यात.
मग मीबी गप बसतो."

प्रयोग हायस्कूलच्या पटांगणात.
मोकळी हवा, वर चांदणं, शिंकायला कारण नाही.
पण काशव्वा थांबली.
एकेका फुलीवर थांबली.
खाटेवरच्या बापाकडं नुसती बघत राहिली
आणि सतरंजीवर शेंगा फोडणारे हात
होते तिथं राहिले.
दीड महिना मी त्याच जागा बुजवत होतो.

मी कुठं होतो?
लाइटच्या खांबामागं.
कनेक्शन ढिलं होतं, आणि इलाही
वायरची जोडणी माझ्या हातात देऊन
पकड आणायला गेला होता.
जाताना म्हणाला, हलू नका. बोलू नका.
एवढं नेमकं दिग्दर्शन
मला आजवर कुणी केलं नव्हतं.
पडदा पडला, टाळ्या झाल्या,
कुणीतरी "सर कुठायत, सर" म्हणत फिरत होतं.
मी हललो नाही.